रंगखान्यातली बैठक

दस्तगीर, तुझ्या मयतीला इतकी माणसं लोटली की तू असतास तर पडद्याआड डोकावून खतिजाभाभींना पहिल्यांदा विचारलं असतंस, "दूध पुरता क्या?" तुमच्या गल्लीतले तर होतेच, पण मशिदीच्या कोपऱ्यापलीकडच्या विणकर गल्लीतले तेलुगू लोकही धोतरं खोचून खांदा द्यायला पुढं. पहिल्यांदा कुणी द्यायचा यावरून दोन ठिकाणी चांगली कुरबूर झाली. तुझ्या मागं दोन्ही गल्ल्या भांडतायत, आणि कशावरून, तर तुला उचलण्यावरून, हे बघून मला हसू फुटलं. माझ्या थोरल्या भावानं मला कोपर मारलं. रडू नंतर आलं, घरी, जेवायला बसल्यावर. ताटात शेंगाचटणी होती, आणि आमच्या घरची चटणी म्हणजे नुसती मिरची, शेंगा फक्त नावाला, असं म्हणत तू ती दोनदा मागून घ्यायचास.

बाहेरगावचे पाहुणे विचारत होते, हे ऊद-कापूरवाले अप्पा मयताचे कोण? काय सांगायचं? म्युनिसिपालिटीच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो. माझी गणितं तू उतरवलीस, तुझी चित्रं मी उतरवली आणि मार दोघांनी मिळून खाल्ला. पुढं मी भवानी पेठेत वडिलांच्या दुकानात बसलो आणि तू तुझ्या वडिलांच्या रंगखान्यात उतरलास. देवळाचा कापूर, मठाची विभूती आणि दर्ग्याचा ऊद माझ्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असायचे. ते बघून तू म्हणायचास, "अप्पा, तुझा धंदा धुराचा, माझा पाण्याचा. दोनोंमें हातकू क्या लगता नै." हे तुझं म्हणणं साफ खोटं होतं, कारण तुझ्या हाताला कायम काहीतरी लागलेलंच असायचं.

कोपरापर्यंत कधी निळं, कधी डाळिंबी. या आठवड्यात मागावर कुठल्या रंगाची चादर चढली आहे हे पेठेत कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं तुझे हात बघावेत. तुझ्या थोरलीच्या लग्नात नवरीचे हात मेंदीनं लाल आणि बापाचे हिरवेगार. जावयाकडची मंडळी चपापली होती, तेव्हा तूच म्हणालास की आमच्यात बापालाही मेंदी लावतात, फक्त ती कच्ची असते. शेवटच्या आजारपणात मात्र ते हात स्वच्छ होत गेले. नखांच्या कडेचा रंगही निघाला. मला ते हात ओळखूच येईनात. मी भाभींना म्हणालो, ह्याला जरा रंग लावा, म्हणजे उठून बसेल. त्या हसल्या, तूही हसलास, आणि मग बराच वेळ खोकत राहिलास.

दंगलीचं मी इथं फार लिहीत नाही. ज्यांनी ती बघितली त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी बघितली नाही त्यांचं भाग्य. सोलापूर तसं सगळं गिरणीच्या भोंग्यावर उठणारं. तेलुगू बोलणारे विणकर, दखनी बोलणारे रंगारी, कानडी-मराठीत एकदमच बोलणारे आम्ही. सूत एकाचं, रंग दुसऱ्याचा, माग तिसऱ्याचा, चादर सगळ्यांची. तरी त्या दोन दिवसांत एकमेकांची घरं पेटवली. कर्फ्यू उठल्यावर मी धावत आलो तर रंगखान्याचं छप्पर खाली आलेलं, पिंपं फुटलेली, आणि सगळा रंग गटारातून वाहत चाललेला. तू गटाराशी उभा होतास. मला बघून म्हणालास, "अप्पा, हिरवा नि लाल मिळून ही नवीच शेड झाली की रे. कोन तो बी मांगेगा." मला तुझा असा संताप आला की आठवडाभर मी तुझ्याशी धड बोललो नाही. ज्याचं जळलं तो थट्टा करतो आणि ज्याच्या फळीवरची उदबत्तीसुद्धा हलली नाही तो दात-ओठ खातो, असा आपल्या दोघांचा जन्मभराचा कारभार.

पुढची काही वर्षं दोन गल्ल्यांमध्ये बोलणं उरलं नाही. विणकरांनी सूत लांबच्या रंगाऱ्यांकडं न्यायला सुरुवात केली. परत आला तो सगळ्यांत आधी नरसय्या. विणकर गल्लीतला वजनदार माणूस, चार मागांचा मालक, मागाच्या खडखडाटाला पुरून उरणारा आवाज. सायकलच्या कॅरिअरला सुताचं गाठोडं बांधून तो आला आणि मान खाली घालून कुजबुजला, "रंगवून देता काय?" तुझ्या डोक्यावर अजून अर्धंच छप्पर होतं. तू गाठोडं आत घेतलंस आणि चहा सांगितलास. बाकी काही नाही. त्याच्या मागोमाग हळूहळू बाकीचे विणकर आले, पण सूत टाकून जायचे आणि रंगलेलं घेऊन जायचे, शब्द कुणाचा फुटायचा नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि आपल्या पेठेतले नळ खाकरायला लागले. पाणी उरलं ते तुझ्या रंगखान्यातल्या विहिरीला. दोन्ही गल्ल्यांच्या घागरी तिथं रांगेला लागल्या. रांगेत एकमेकांच्या घागरीला घागर लागली की दंगल पुन्हा तोंडावर यायची. कुणी म्हणे, आमच्या बायकांना मुद्दाम मागं ढकलतात. कुणी म्हणे, हे आमच्या पाण्यावर मालकी सांगायला आले. एक दिवस एक घागर उडाली आणि मशिदीतले रहीमचाचा आणि नरसय्या समोरासमोर उभे राहिले. मी तर घाबरून पोलिसाला बोलवायला निघालो होतो. तू मध्ये आलास, हातात सुताची ओली लडी, आणि म्हणालास, "आधी नमुना दाखवा."

तुझ्या धंद्यात काय व्हायचं? विणकर जुन्या चादरीचा तुकडा घेऊन यायचा आणि म्हणायचा, मला असा लाल पाहिजे. तू लगेच कढई पेटवायचा नाहीस. एक छोटी लडी रंगवून, सावलीत वाळवून, त्याच्या हातात द्यायचास. तो म्हणायचा, जरा फिका. तू पुन्हा रंगवायचास. तो म्हणायचा, आता भडक. पुन्हा. तो जेव्हा म्हणायचा "पास", तेव्हाच सगळं सूत रंगात जायचं. तू त्या दिवशी दोघांना म्हणालास, भांडण पुढं करा, आधी एकमेकांचं म्हणणं नमुना करून दाखवा. नरसय्या, तू रहीमचाचांची तक्रार त्यांच्याच बोलीत सांग. ते पास म्हणाले की मगच तुझं उत्तर. आणि उत्तरही आज नाही, पुढच्या बैठकीत, कारण ओल्या सुताचा रंग खरा दिसत नाही, वाळल्यावर बघायचा.

मी मनात म्हटलं, झालं, ह्याचं डोकं दुष्काळात आटलं. पण दर पंधरवड्याला, भोंगा झाल्यावर, तुझ्या रंगखान्यात ही अशी बैठक भरायला लागली. नरसय्याची दखनी म्हणजे तेलुगूच्या चाकावर घातलेली उर्दू. रहीमचाचा चष्मा पुसत ऐकायचे आणि मान हलवायचे. "फिका है. मैं इससे जियादा गुस्से में बोला था." नरसय्या पुन्हा उठायचा आणि या वेळी असा ओरडायचा की बाहेरची कोंबडी पळायची. "अब भडक हुआ," चाचा म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पास. मग चाचांची पाळी, तेलुगूतून, आणि तेव्हा विणकर गल्ली पोट धरून हसायची. दुसऱ्याचा राग आपल्या तोंडून पुन्हा पुन्हा काढायचा म्हणजे त्यात आपला राग कुठं ठेवायचा हेच माणसाला कळेनासं होतं. हे मला फार उशिरा उमगलं. तुला ते आधीपासून माहीत होतं की तूसुद्धा नुसता सापडत गेलास, हे विचारायचं राहिलं.

मला तू पाणी पाजलंस तेही सांगून टाकतो. मी बैठकीत कुणाच्याच बाजूचा नाही म्हणून ऐटीत बसायचो. तू म्हणालास, अप्पांनीही एक तक्रार सांगावी. मी म्हणालो, माझी काही तक्रार नाही. तेव्हा दोन्ही गल्ल्यांनी मिळून माझ्याविरुद्ध तक्रार मांडली, की अप्पा कापूर ओलसर देतात. मला ती विणकरांची तक्रार तेलुगूत आणि तुमच्या गल्लीची दखनीत सांगावी लागली. नमुना सहा वेळा फिका ठरला. घरी येऊन मी बायकोपुढं तणतणलो, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "साक री." म्हणजे पुरे झालं तुमचं. आणि कापूर ओलसर होता हेही तिनं सांगितलं.

आणि सरबताचं साल तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. नारळी पौर्णिमेला विणकरांची रथाची मिरवणूक मशिदीवरून जायची. दंगल पेटली होती ती तिथंच, वाजंत्रीवरून. त्यामुळं दर साली पौर्णिमा जवळ आली की पेठ श्वास रोखून बसायची. त्या वर्षी आषाढात दोन्ही गल्ल्यांनी एकमेकांचे नमुने असे झकास पास केले की डोळ्यांत पाणी आलं. उत्तर पुढच्या बैठकीत. आणि पुढच्या बैठकीच्या दिवशी असा पाऊस झाला की रंगखान्यात गुडघाभर पाणी. बैठक झालीच नाही. सूत वाळलं खरं, पण ज्याचं त्याच्या घरी.

पौर्णिमेला काय झालं? तुमच्या गल्लीनं आपलं आपण ठरवलेलं, की बिचाऱ्या विणकरांचा वर्षाचा सण, नमाज जरा लवकर आटपू, वाजंत्री वाजू दे, आणि कोपऱ्यावर त्यांना गुलाबाचं सरबत पाजू. आणि विणकर गल्लीनं आपलं आपण ठरवलेलं, की बिचाऱ्यांच्या नमाजाची वेळ, वाजंत्री बंद ठेवू, आणि मशिदीवरून नकोच, मागच्या बोळातून रथ नेऊ. इकडं रहीमचाचा नवी टोपी घालून सरबताच्या पिंपाशी उभे, आणि तिकडं मागच्या बोळातून रथ गुपचूप निघालेला. कुणीतरी येऊन सांगितलं आणि चाचांचा चेहरा पडला. "हमारी गली इतनी बुरी हो गई?" पोरं तापली. सरबत नाकारलं, असं पेठभर झालं. विणकरांच्या कानावर गेलं तर तेही तापले, एवढं केलं तरी ह्यांचं समाधान नाही. एकमेकांची बाजू इतकी मनावर घेतल्यामुळं पुन्हा दगड उचलायची वेळ आलेली मी त्या दिवशी बघितली.

तू आणि मी ते पिंप हातगाडीवर चढवलं. मी ढकलतो, तू पिंप धरून चालतोस, रहीमचाचा मागं छत्री घेऊन. चिखलातून धावत आपण रथाला बोळाच्या तोंडाशी गाठलं. निम्मं सरबत माझ्या धोतरावर सांडलं होतं. तू हाशहुश करत नरसय्याला म्हणालास, "उत्तर ऐकायला थांबायचं होतं की रे." नरसय्यानं पेला घेतला, मग रथ मागं फिरवला आणि वाजतगाजत मशिदीवरून नेला. चाचांनी स्वतः ताशा वाजवणाऱ्याला खूण केली की जोरात. माझं धोतर गुलाबी झालं ते गेलंच नाही. तू म्हणालास, रंग पक्का बसलाय, आणू नकोस माझ्याकडं.

आता आपल्या भांडणाकडं येतो, कारण ते मिटलेलं नाही. दंगलीत रंगखान्याचं पुढचं दार कुणी फोडलं नव्हतं. लोक मागच्या दारानं आले. त्या दाराची कडी फटीतून हात घालून वरच्या वर निघायची, आणि हे ठाऊक होतं ते तुझ्या घरच्यांना, मला, आणि दंगलीआधी रोज पहाटे येऊन सूत टाकून जाणाऱ्या नरसय्याला. कडी तुटलेली नव्हती, काढलेली होती. मी तुला पुढच्याच आठवड्यात म्हणालो, नरसय्याला विचार. तू म्हणालास, नाही. बैठक सुरू झाली तेव्हा पुन्हा म्हणालो, आता तरी विचार, घागरीचं नि ताशाचं काय बोलता, हे बोला. तू तेव्हाही नाहीच म्हणालास.

"विचारलं तर तो नाही म्हणेल, अप्पा. आणि एकदा सगळ्यांसमोर नाही म्हणाला की जन्मभर त्याला ते नाहीच सांभाळत बसावं लागेल. मग बैठकीला कुठल्या तोंडानं येईल?"

"मग ही बैठक म्हणजे ओल्या भिंतीला चुना," मी म्हणायचो.

"लाव तर. भिंत आपोआप वाळते."

किती वेळा भांडलो यावरून. तुझ्या ओट्यावर, माझ्या दुकानात, एकदा तर दुधनीला कुणाच्या लग्नाला जाताना एसटीत, तेव्हा कंडक्टरनं आपल्याला समजावलं. मला वाटायचं तू भितोस. कधी वाटायचं तुला मोठेपणा मिरवायचाय. आणि बैठकीत नरसय्या हसत बोलायला लागला की मी मान वळवून विहिरीकडं बघायचो. मी त्याच्या कधी शेजारी बसलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं.

शेवटच्या वेळी मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. म्हणालास, पुनवेच्या आधी बैठक भरव, मी नसलो तरी. आणि त्यात नाव कुणाचं काढू नकोस. मी म्हणालो, तू बरा हो, मग भांडू. हो म्हणालो नाही मी. म्हणायला पाहिजे होतं असं नाही, मला ते पटतच नव्हतं. पण तू माझ्याकडं बघत राहिलास आणि मी खिडकीबाहेर.

तू गेल्यावर पेठेत लगेच सुरू झालं. दस्तगीरभाई गेले, आता कसली बैठक? विणकर गल्लीतली पोरं म्हणायला लागली, यंदा मशिदीसमोर थांबून वाजवायचं. तुमच्या गल्लीतली म्हणायला लागली, वाजवून तर बघा. पौर्णिमा दहा-बारा दिवसांवर. रहीमचाचा माझ्या दुकानात येऊन बसले, नुसतेच. मी म्हणालो, चाचा, माझ्यात त्याचा स्वभाव नाही. मी उदवाला माणूस, पेटवणं हा माझा धंदा. बायको आतून म्हणाली, जावा की, तुमी न्हाय तर कोन जाणार? म्हणून बैठक बोलावली, तुझ्याच रंगखान्यात. भाभींच्या इद्दतीचे, नवऱ्यामागं घराबाहेर न पडायचे दिवस, म्हणून त्या रंगखान्याला लागूनच्या घराच्या दारात पडद्याआड बसल्या. माणसं आली. दोन्ही गल्ल्यांची पोरं भिंतींना टेकून, हाताची घडी घालून. कुणी कुणाचा नमुना द्यायला तयार नाही.

मी उठलो. दस्तगीर, मी ठरवून उठलो होतो की आज विचारायचंच. तू अडवायला नव्हतास. एवढी वर्षं गिळलेलं बाहेर काढायचं आणि मग पेटायचं ते पेटू दे. मी तोंड उघडलं, आणि नरसय्या उभा राहिला.

"अप्पा, तुमी बसा. आज दस्तगीरभाईची बाजू मांडायची राहिलीय. ती मी मांडतो."

मी बसलो. त्यानं उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं आणि दखनीत बोलायला लागला. नेहमीसारखा ओरडला नाही.

"मेरा नाम दस्तगीर. दंगे में मेरा रंगखाना जलाए. पीछे के दरवाजे से आए. कडी तोडे नै, हात डालके निकाले. भीडकू वो कडी मालूम नै थी. नरसय्या बताया. मेरेकू पहले दिन से मालूम था. फिर भी मैं उसका सूत रंगा, उसकू चाय पिलाया. कभी पूछा नै."

एवढंच. मला का सांगावं लागलं, कुणी धमकावलं, माझी पोरं लहान होती, यातलं एक अक्षर त्यानं घातलं नाही. बाजू तुझी होती, त्याची नव्हती. भिंतीला टेकलेल्या पोरांच्या घड्या सुटल्या. मी एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आला होता आणि मला मान वर करवत नव्हती. रहीमचाचा चष्मा पुसत राहिले. पास कोण म्हणणार? ज्याची बाजू तो तर नाही.

पडद्याआडून भाभींचा आवाज आला.

"थोडा फिका है."

सगळे तिकडं वळले.

"पूछे नै, ये बात सच. पर हर बैठक उठे बाद एक कप चाय ढाँक के रखाते थे. नरसय्या आज पलट के आयेगा, सच बोलेगा, ऐसा बोलके. ठंडी हुई तो मैं फेंकती थी. राह देखते थे वो."

नरसय्याच्या हातातलं उपरणं पिळून पिळून त्याचा दोर झाला होता. मग नियमाप्रमाणे त्यानं नमुना पुन्हा दिला. "मैं कभी पूछा नै," तो म्हणाला, आणि त्याचा तो मागाला पुरून उरणारा आवाज फुटला. "पर मैं राह देखता था."

"पास," भाभी म्हणाल्या.

त्यानंतर मिरवणुकीचं बोलणं झालं. पोरांनीच केलं, आणि फार वेळ लागला नाही. उत्तर पुढच्या बैठकीत, पौर्णिमेच्या आत, आणि यंदा पाऊस आला तर माझ्या दुकानात.

दस्तगीर, जन्मभर तू माझ्याशी भांडलास की त्याला विचारायचं नाही, आणि मनातून रोज वाट बघत होतास. हे तू मला सांगितलं नाहीस याचा मला आधी राग आला, तुझ्या कबरीपाशी येऊन भांडावं इतका. मग चालत घरी येताना कळलं. सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी नरसय्याची मानगूट धरून त्याला तुझ्यासमोर उभा केला असता, आणि मग तो आला असता, पण आपणहून आला नसता. तू मला पुरता ओळखून होतास.

बैठकीत पास झाल्यावर नरसय्या खाली बसला, तेव्हा त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. मी उठून तिथं जाऊन बसलो.